वरच्या व्हॉल्व्हची चावी

जयनगर, बेंगळूर
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. संध्यास,

रघुजीअण्णाचे आणि सगुणाबाईचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. पद्मनाभला आता बोम्मसंद्र्याची फॅक्टरी जवळ पडत असेल. सिद्धीच्या शाळेचं जमलं का? माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

तुम्ही आमचं वरचं भाड्याचं घर सोडून दीड महिना झाला. ऊन मी म्हणतंय, पण मागचं नारळाचं झाड अजून तसंच हिरवंगार आहे. दोन वर्षं मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत मिरवलो. त्याचंच सांगायला बसलोय.

तुम्ही गेल्यावर पाणी कमी लागेल आणि माझं म्हणणं खरं ठरेल, अशी माझी खात्री होती. रोज चष्मा लावून मीटरपाशी उकिडवा बसायचो. फरक काही पडेना. गेल्या सोमवारी पाणी आलं तेव्हा मोटार बंद, सगळे नळ बंद, जमिनीखालची संपची टाकी काठोकाठ भरलेली, तरी मीटरचं चाक आपलं गरागरा फिरतंय. मग जयसिंगराव प्लंबरला बोलावलं. त्यानं संपचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि हसायलाच लागला.

"अण्णा, हा बॉल कुठल्या इंजिनियरनं बसवलाय?"

"का रे?"

"दांडा भिंतीला अडतोय. बॉल वर येतच नाही, मग पाणी थांबणार कसं? उरलेलं सगळं मागच्या पाइपातून तुमच्या नारळाच्या मुळाशी!"

तो इंजिनियर मीच. तुम्ही राहायला येणार म्हणून त्याच आठवड्यात जुना बॉल काढून नवा मी माझ्या हातानं बसवला होता. तेव्हापासून पाणी जास्त जायला लागलं आणि मी बोट दाखवलं तुमच्याकडं. "पुण्याची माणसं, नळ सोडून फोनवर बोलत बसतात," असं जिन्यात उभा राहून, तुला ऐकू जाईल असं बोललो. रोज सकाळी नऊला तुमच्याकडं जाणारा वरचा व्हॉल्व्ह बंद करून चावी खिशात घालायला लागलो.

आता ती सकाळ. इतका वेळ टाळतोय. सिद्धीला ताप होता, अंथरुणातच उलटी झाली होती. तू खाली येऊन म्हणालीस, "अण्णा, एक बादलीभर सोडा." मी म्हणालो, "स्वल्प जपून वापरायला शिका." आणि पेपर वाचत राहिलो. तू तशीच वर गेलीस. आठ दिवसांत घर सोडलंत.

जयसिंगराव गेल्यावर सगुणा एवढंच म्हणाली, "झाडाला पाजत होतात आणि पोरीला नाही म्हणालात." तेव्हापासून आमच्याकडं नारळ फुटलेला नाही.

बॉल नीट बसवून घेतलाय. दर महिन्याला झाकण उघडून बघणार आहे. तूही नव्या घरी सगळे नळ बंद करून एकदा मीटर बघ.

वरचं घर कुणाला दिलेलं नाही. परत या म्हणायला मला तोंड नाही. पण सिद्धी मला अज्जा म्हणायची, तिला एकदा भेटून चुकलो म्हणायचंय. तू "सरी, या" म्हणालीस तर बसनं येईन.

पाकीट जड लागतंय ते चावीमुळं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि काढून घेतली. तुम्ही या, न या, ती मला परत पाठवू नकोस.

तुझ्या बादलीचा देणेकरी,
रघुजीअण्णा