घर विकायला जज्जसाहेबांची हरकत

पोर्थेलिक,
१४ जून

थोरली बहीण क्लॅरिस हिला धाकट्या हेडलीचा आदराचा, आणि या वेळी जरा भीतभीत, नमस्कार.

तुझा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर मधात कांद्याचा रस घालून घे. मी सांगतो म्हणून घेणार नसशील तर आई सांगायची म्हणून घे. तुझ्या कोंबड्या, तुमच्या चॅपेलचं गळकं छप्पर आणि तुझा डावा गुडघा, तिघांची खुशाली कळव. (माझा उजवा गेला आहे, डावा ठीक आहे. म्हणजे दोघांत मिळून आपल्याकडे चांगले दोन गुडघे आहेत. एका माणसाला तेवढेच लागतात.)

तुझी तीन पत्रं पोचली. तिन्हींत एकच प्रश्न आहे, घर विकलं का? तिसऱ्या पत्रात त्या प्रश्नाखाली दोन रेघा आहेत. म्हणून उत्तर आधी देतो. नाही विकलं. नाताळात तुझ्या टेबलाशी बसून ठरलं ते मी विसरलेलो नाही. मी शिडीवरून पडलो होतो, तुझ्या भावजयीला, थर्झाला, जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तू म्हणालीस की समुद्रकाठी एकट्याने राहायचं हे वय नव्हे, घर वीक आणि कॅमबोर्नला माझ्याकडे ये. मी हो म्हणालो. तू ठरवायचं आणि मी हो म्हणायचं, हे मी चार वर्षांचा असल्यापासून चालू आहे, आणि त्यात आजवर एकदाच नुकसान झालं (ती विहिरीतली बकरी). माझ्यासाठी मागच्या खोलीला तू स्वतः पिवळा रंग दिलास हे वाचून मला भरून आलं. पिवळा मला आवडत नाही हे तुला माहीत असणं शक्य नव्हतं. पत्र वाचेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

दोष माझा नाही. दोष सीगलचा आहे. तुमच्याकडे सीगल येतात ते नांगरटीच्या वेळी, पाहुण्यासारखे. इथे पाहुणे आपण. मे ते ऑगस्ट आम्ही पोर्थेलिकची माणसं धक्क्यावर काहीही खातो ते भिंतीला पाठ लावून. उन्हाळी पर्यटकांना हे कोणी सांगत नाही, पक्षीच शिकवतात, एका दिवसात. शेजारची झिला बोलिथो कपडे वाळत घालते ते एका हाताने, दुसऱ्यात छत्री. पोस्टमन सायकल धक्क्यावर सोडतो पण हेल्मेट काढत नाही. मी परसात जाताना डोक्यावर थर्झाची पितळी चाळणी घालतो. (तू हसू नकोस. गेल्या वर्षी मी टोपी घालत होतो. त्या टोपीचं काय झालं ते छपरावर दिसतं.) पण हे सगळं सवयीचं आहे. इथे कोणी त्याला त्रास म्हणत नाही. उन्हाळा म्हणतात.

माझ्या धुराड्यावरचं जोडपं तुला आठवत असेल. त्यातल्या थोरल्याचं नाव थर्झाने जज्जसाहेब ठेवलं होतं, कारण तो वरून आपल्याकडे असा बघतो की आपण काय केलं ते आपल्यालाच आठवायला लागतं. ती पळीने पातेलं वाजवून रोज त्याच्याशी भांडायची. अकरा वर्षं भांडली. तोही हटला नाही, तीही हटली नाही. आता पातेलं मी वाजवतो. मला तिच्यासारखं जमत नाही, आणि जज्जसाहेबांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते कळलेलं दिसतं.

आता मुद्दा. घर विकायचं काम मी मिसेस हॉस्किंग यांच्याकडे दिलं. बाई कामाच्या आहेत, आवाज गोड आहे, दोष एवढाच की लग्नाने आपल्यासारख्या कॉर्निश झाल्या, जन्म शेजारच्या डेव्हन परगण्याचा. त्यांनी पहिलं गिऱ्हाईक आणलं ते मेच्या मध्यावर, मंगळवारी, सकाळी अकराला. लंडनचं जोडपं. ही अकराची वेळ लक्षात ठेव. खाणीतून घरी येऊन तीस वर्षं झाली तरी बाबा अकराच्या ठोक्याला मांस-बटाटा भरलेली पास्टी घेऊन बसायचे. मी तर आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवलं, खाणीचं तोंड बाहेरूनच पाहिलं, पण मीही अकराला बसतो. आणि शेवटचा कोपरा, ती जाड दुमडलेली कड, खात नाही. परसाच्या भिंतीवर ठकठक्यांसाठी ठेवतो.

हे तुला सांगायला नको, आपण एकाच पायरीवर बसून शिकलो. पण लिहिताना माझं मलाच नीट लावून घ्यायचं आहे. खाणीच्या पोटात वीतभर उंचीची माणसं राहतात. छत कोसळायच्या आधी ती आतून ठकठक करून सावध करतात. म्हणून पास्टीचा कोपरा त्यांचा. दगडावर ठेवायचा, आणि ठेवल्यावर मागे वळून बघायचं नाही, नाहीतर त्यांना राग येतो. चॅपेलमध्ये याबद्दल बोलायचं नाही, आणि खाणीत याला हसायचं नाही. मी चाळीस वर्षं या परसात कोपरा ठेवला आणि एकदाही वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दगड स्वच्छ असायचा. मला बरं वाटायचं. इथे खाली खाण नाही, समुद्र आहे, तरी वाटायचं की ठकठके एवढं लांब चालत येतात, म्हणजे आपल्या घराला मानतात.

तर त्या मंगळवारी मी कोपरा ठेवून आत वळलो, आणि लंडनच्या बाई नेमक्या तिथे गेल्या. भिंतीवर हात टेकून समुद्राकडे बघत म्हणाल्या, “अगं बाई, किती शांत!” हे शब्द संपायच्या आत जज्जसाहेब खाली आले. कोपरा चोचीत घेतला, बाईंच्या हातावरून चालत गेले, आणि जाता जाता त्यांची गवती हॅटही नेली. नवरा छत्री शोधत होता. मिसेस हॉस्किंग, “हे कधीच होत नाही हं, हे आज पहिल्यांदाच,” असं तीनदा म्हणाल्या. मी मात्र भिंतीवरच्या रिकाम्या दगडाकडे बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी वळून पाहिलं होतं. क्लॅरिस, चाळीस वर्षं! मी वीतभर माणसांना जेवू घालत होतो असं समजत होतो, आणि प्रत्यक्षात मी एका खानदानाच्या पिढ्या पोसत होतो.

हॅट घरट्यात आहे. जज्जसाहेबांच्या सौभाग्यवती तिच्यात बसून अंडी उबवत होत्या. लंडनची गिऱ्हाइकं गेली.

मिसेस हॉस्किंग त्या संध्याकाळी पुन्हा आल्या. म्हणाल्या, “मिस्टर ट्रेम्बाथ, ते घरटं काढून टाका.” मी म्हणालो, अंडी असताना हात लावला तर कायद्याने गुन्हा आहे. “मग निदान त्या पक्ष्याला खायला घालू नका!” मी म्हणालो, मी त्याला घालत नाही, ठकठक्यांना घालतो. “कोणाला?” मी सांगितलं. सगळं सांगितलं, छत कोसळण्यासकट. त्यांनी पर्स उघडली, बंद केली. म्हणाल्या, “हे दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगू नका. छत हा शब्द तर तोंडातूनसुद्धा काढू नका.” (डेव्हनच्या माणसाला काही गोष्टी समजावता येत नाहीत. ते जॅमसुद्धा उलट्या क्रमाने लावतात, साईच्या वर.)

दुसरं गिऱ्हाईक जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. प्लिमथचे निवृत्त कॅप्टन. सरळ पाठ, चकचकीत टक्कल. दारातच म्हणाले, “पक्ष्यांचं मला सांगू नका हो. तीस वर्षं दर्यावर काढलीत.” मला माणूस आवडला. त्यांनाही घर आवडलं. जिन्याला मी केलेला कठडा त्यांनी हाताने चाचपून पाहिला आणि विचारलं, ओक ना? आजवर कोणी विचारलं नव्हतं. मला क्षणभर खरंच भीती वाटली की हे घर घेतील. त्या दिवशी परसातल्या भिंतीला रंग ओला होता, त्यामुळे कोपरा मला पुढच्या फाटकाच्या खांबावर ठेवावा लागला. अकरा वाजून काही मिनिटांनी कॅप्टन त्या खांबाशी उभे राहून म्हणाले, “घ्यायला हरकत नाही.” जज्जसाहेबांची होती. आता त्यांच्या घरट्यात दोन पिल्लं आलेली, त्यामुळे ते काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. पहिला निकाल त्यांनी टकलावर दिला, वरून, नेमका. कॅप्टननी दर्यावर शिकलेले सगळे शब्द वापरले. मी त्यांना चाळणी देऊ केली, ती त्यांनी घेतली. चाळणी घालून ते मोटारीपर्यंत व्यवस्थित पोचलेही असते, पण जज्जसाहेब आधीच टपावर जाऊन बसले होते आणि काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत होते. कॅप्टन वीस मिनिटं माझ्या फाटकाशी उभे होते. शेवटी पोस्टमनने त्यांना त्याचं हेल्मेट दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मिसेस हॉस्किंगना पत्र लिहिलं की घर उत्तम आहे, पण त्यात आधीच कोणी राहतं.

झिलाने हे सगळं भिंतीपलीकडून पाहिलं. ती छत्री टेकून म्हणाली, “हेडली, राजा, घर तू विकतोयस की तो?” मी म्हणालो, मी. “मग त्याला विचारलंस?” मी म्हणालो, पक्ष्याला काय विचारायचं! “अरे, भिंतीला कुठला रंग लावलास म्हणे? मला तर आहे तीच शेवाळी दिसतेय.” मी म्हणालो, पारदर्शक आहे. “हो का! आणि क्लॅरिसला सांगायला जीभ नाही का तुला? नाही यायचं तर नाही यायचं म्हण. का तेही त्या बिचाऱ्यानेच सांगायचं?” तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. कधीच देत नव्हतो. थर्झा द्यायची.

बाकी सगळं ठीक. गुडघा सोडला तर तक्रार करावी असं काही नाही. मोठं पिल्लू परवा छपरावरून परसात पडलं. करडं, ठिपक्यांचं, पाय शरीराला मोठे. मला त्याला वर नेता येत नाही, त्याला उडता येत नाही, तेव्हा ते आता माझ्या कोबीच्या वाफ्यात राहतं आणि मी चाळणी घालून पाणी द्यायला जातो. जज्जसाहेब धुराड्यावरून ओरडतात, पण पूर्वीइतकं मनापासून नाही. काल मी पातेलं वाजवायला घेतलं आणि दोन ठोके बरोबर पडले. अगदी थर्झासारखे. तो गप्प झाला. मी पळी खाली ठेवली. मग आम्ही दोघं आपापल्या जागी बसून बराच वेळ समुद्राकडे बघत राहिलो. हवा स्वच्छ होती.

तब्येतीला जप. जिना चढताना कठडा धर, तुझ्याकडचाही मी त्यासाठीच केला आहे.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
हेडली

ता. क. तुमच्या चॅपेलमध्ये नव्याने ऑर्गन वाजवणारी मुलगी राहायला खोली शोधते आहे असं तू लिहिलं होतंस. पिवळा रंग तरुण माणसांना मानवतो. पिल्लं उडेपर्यंत मला इथून हलता येणार नाही, तेव्हा खोली रिकामी ठेवून काय करायची?

ता. क. २. पिल्लं ऑगस्टमध्ये उडतात. पण ही मंडळी पुढच्या वर्षी परत येतात, त्याच धुराड्यावर. हे मी नाताळात सांगायला हवं होतं. तू तेव्हा पडद्यांचं माप सांगत होतीस, मध्ये बोलवेना.

ता. क. ३. भिंतीला रंग दिलेला नव्हता. झिला तुला कळवेल त्याआधी मीच कळवतो. पण कोपरा मी ठकठक्यांच्या नावानेच ठेवला होता, हे बाबांची शपथ घेऊन सांगतो. छत जाणार असेल तर सावध करणं हे त्यांचं काम. या वेळी त्यांनी ते जज्जसाहेबांकडून करून घेतलं, एवढंच. तू रागावशील. रागव. इथे येऊन रागव, समोरासमोर. अडीच वर्षं या घरात माझ्यावर कोणी रागावलेलं नाही.

ता. क. ४. शनिवारी तिसरं गिऱ्हाईक येतं आहे. ब्रिस्टलची शाळामास्तरीण, झिलाला कळलं त्याप्रमाणे पक्ष्यांची आवड असलेली, म्हणजे अवघड प्रकरण. बेकरीवाल्याच्या पास्टीची कड हल्ली कागदासारखी असते, जज्जसाहेब तिच्यासाठी खाली उतरायला कंटाळतात. तेव्हा शुक्रवारच्या बसने सहा पास्ट्या घेऊन तूच ये, आईच्या पद्धतीच्या. आवडती हॅट आणू नकोस. कोपरे जाड ठेव. शनिवारी बरोबर अकराला आपण दोघं पायरीवर बसून खाऊ, कोपरा फाटकाच्या खांबावर ठेवू, आणि मग बाबांची क्षमा मागून दोघंही मागे वळून बघू.