जन्मसालापुढची रेघ

दादा,

पाठवायला पत्ता नाही, तरी लिहिते. आबा गेले. भिंग हातात होतं.

त्यांची ग्रंथसूची आता छापखान्यात आहे. आपल्या भागात छापलेलं एकेक पुस्तक त्यांनी माळ्यांवरून, रद्दीतून शोधून काढलं. वाळवीने अर्धं खाल्लेलंही नोंदवलं, पण स्वतः हाताळल्याशिवाय एकही नाही. ऐकीव माहितीला ते कचरा म्हणायचे.

तुझी बोट बुडाल्याची बातमी आली तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं, "प्रेत कुणी पाहिलं?" कुणीच पाहिलं नव्हतं. मग सूचीत तुझ्या एकुलत्या एका पुस्तकाच्या नोंदीत, तुझ्या नावाशी जन्मसाल राहिलं आणि पुढे नुसती रेघ. मृत्यूचं साल त्यांनी घातलं नाही.

त्या रेघेवर आईने उरलेलं आयुष्य काढलं. तिला रडायचीही चोरी झाली. "ह्यांनी साल घातलं नाही ना, मग आहे तो," म्हणायची आणि दाराला कडी लावू द्यायची नाही. गेली तीही दाराकडे तोंड करून. तेव्हा आलेला आबांचा राग अजून उतरलेला नाही.

काल मुद्रितं तपासताना छापखान्याचे मालक म्हणाले, "ताई, इथे साल राहिलंय." मी पेन घेतलं आणि बोट बुडाल्याचं साल भरलं. ऐकीव.

आबांच्या सूचीत आजवर कुणाला चूक सापडलेली नाही. ही पहिली ठरू दे. कुठे असलास तर येऊन दाखव.

घरी आल्यावर कडी मात्र लावली नाही.

तुझी,
धाकटी