सागाचा बैल आणि लांब नाकाची गाडी

प्रिय रागिणीताई,

आज लिहितो, उद्या लिहितो करत अकरा दिवस काढले. मधे दोनदा बसलोही होतो. एकदा पेन चालेना म्हणून आणायला चौकात गेलो, तर एक माणूस दोन पायांच्या मधे शेळी उभी करून स्कूटर चालवत होता. शेळी पुढे बघत होती आणि तो शेळीच्या कानांमधून रस्ता बघत होता. त्याच्या मागे मागे पार रेल्वे फाटकापर्यंत गेलो, पेन राहूनच गेलं. तू म्हणशील, फोन करायचा. पण फोनवर काही सांगायला गेलं की समोरचं माणूस मधेच ‘हॅलो, हॅलो’ करतं आणि आपण भलतंच बोलून मोकळे होतो. तुझ्या मागच्या फोनचंच बघ. तू विचारलंस, ‘बाबांचा लाकडी बैल तुझ्याजवळ आहे का रे? माझ्या मैनाला तान्ह्या पोळ्यात ओढायला पाहिजे.’ मी म्हणालो, ‘बघतो.’ त्यात बघायचं काय होतं? बैल माझ्याजवळच होता, पलंगाखालच्या पेटीत.

तू हेही सांगितलंस की तुझ्या सासूबाई गोदाबाई म्हणाल्या, ‘पोरीनं बैल ओढाचा असते का कुठी? पोट्ट्यायचा सण हाय तो.’ आणि तू गोदाबाईंना उलट उत्तर न देता मनात ठरवून टाकलंस की मैना बैल ओढणार, आणि तोच बैल ओढणार. ऐकून मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. धास्ती का, ते क्रमाने सांगतो. म्हणजे प्रयत्न करतो.

सध्या मी अकोल्यात आहे, एमआयडीसीच्या बाजूला, चंद्रभानभाऊंच्या शेडमध्ये. डिप्लोमा अर्धा टाकल्यापासूनची ही चौथी जागा. आधी परतवाडा–धारणी जीपवर क्लीनर होतो, मग मंडपवाल्याकडे, मग रेडियमच्या दुकानात नंबरप्लेटी कापायला. तिथे भाऊंनी माझा हात बघितला आणि उचलून इकडे आणलं. भाऊ मूळचे डेंटर, चेपलेला पत्रा सरळ करणारे. आता जुन्या गाड्यांना नवं रूप द्यायचं काम जास्त करतात. याही जागेवर मी टिकणार नाही असं तुला वाटत असेल. पण चौदा महिने झाले, ताई. माझाच मला विश्वास बसत नाही.

उन्हाळ्यात स्वप्निल नावाच्या पोरानं एक कॉन्टेसा आणली. आणली म्हणजे ट्रॉलीवर लादून. त्याच्या मामाची गाडी, पंधरा वर्षं जिनिंगच्या आवारात सरकीच्या पोत्यांमागे उभी होती. डिक्कीत मुंगसाचं बिऱ्हाड. तुला आठवत असेल कॉन्टेसा, लांब नाकाची, सपाट पाठीची. बाजार समितीच्या सभापतींकडे पांढरी होती, आपण तिच्या मागे धूळ खात पळायचो. स्वप्निलला तिची मसल कार करून पाहिजे होती. मसल कार म्हणजे अमेरिकेतली दांडगी गाडी, मोठं इंजिन, लांब बॉनेट, आखूड मागचा भाग, आणि नुसती उभी असली तरी आता सुटते की मग सुटते असं वाटायला लावणारी. गंमत अशी की मोबाइलवर तो ज्या गाड्या दाखवत होता त्या सगळ्या आताच्या, नव्याकोऱ्या. आणि त्यातली एकेक गाडी आपल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या आजोबासारखी दिसायला धडपडत होती.

मस्टँगचे मागचे दिवे बघ कधी. अजूनही तीन-तीन उभ्या पट्ट्याच. चॅलेंजरचं तोंड म्हणजे काळ्या जाळीत आत दबून बसलेले चार गोल डोळे. आत एलईडी असो नाहीतर काही, वर्तुळ जुनंच. एका गाडीत तर मीटरच्या जागी टीव्हीसारखा पडदा आणि त्या पडद्यावर जुन्या मीटरचा काटा काढलेला. ते पाहून चंद्रभानभाऊ भडकले. म्हणाले, ‘नवं कराचं त नवं कर ना बे. म्हाताऱ्याचं सोंग कायले घेतं?’ स्वप्निल म्हणाला, ‘भाऊ, आताच्या साऱ्या गाड्या एका साच्यातल्या साबणाच्या वड्या वाटते. मले अशी पायजे का अर्ध्या कोसावरून वळखू आली पायजे.’ भाऊंना एलईडीची लांब पट्टी आवडते, स्वप्निलला गोल दिवे. भाऊंना काळा रंग, त्याला पिकल्या संत्र्याचा आणि वर दोन पांढरे पट्टे. दोघांची रोज जुंपायची आणि मी दोघांच्या मधे सँडपेपर घेऊन उभा.

बॉनेटवर हवा घ्यायची एक उंच नाकपुडी बसवली. त्यावरूनही वाद. उघडी ठेवायची की बंद? भाऊ म्हणाले, ‘अकोल्याची धूळ हाय, अमेरिकेची नाही. दोन दिवसांत इंजिन खोकते.’ मग बंद केली. त्या दिवशी मी जेवताना त्या बंद नाकपुडीकडेच बघत बसलो. पूर्वी म्हणे तिथून इंजिनाला खरोखरची हवा जायची. आता काम गेलं आणि नुसतं नाक राहिलं. आधी मला ते खोटं वाटलं. मग वाटलं, आपण बाबांचा चष्मा अजून कपाटात ठेवतो तो काय कोणी घालावा म्हणून? भाऊंना हे सांगायला गेलो तर म्हणाले, ‘तू चहा घेऊन ये.’

तर सगळं जमत आलं, अडलं ते मागच्या मडगार्डवर. मसल कारचा सगळा जोर तिथे असतो. दार संपलं की पत्रा किंचित वर उठतो, चाकावरून भरतो आणि मग खाली उतरतो. सांगायला एवढंच. कॉन्टेसाची पाठ सपाट, त्यामुळे तिथे फायबरचा नवा भाग चढवायचा होता. पहिला केला तो दाढ सुजल्यासारखा दिसला. दुसरा वरून पोळपाट ठेवल्यासारखा. तिसऱ्याच्या वेळी स्वप्निल नुसता फोन बघत राहिला, ते जास्त लागलं. भाऊ म्हणाले, आणखी एक खेप बघू, नाही जमलं तर हे काम इंदूरच्या माणसाला देऊ. ताई, आजवर मी कामं सोडली. कोणी माझ्या हातातून काम काढून नेईल अशी पाळी पहिल्यांदा आली होती, आणि मला ते काम सोडायचं नव्हतं.

त्या दुपारी मी पेटी उघडली. बैल बाहेर काढून उन्हात ठेवला आणि मागून पाहिला. मागून, कारण बाबांनी तसंच शिकवलं होतं. तू सात वर्षांची असताना ते तुला शंकरपटाला घेऊन गेले होते, बैलजोड्यांच्या शर्यतीला. सगळी माणसं समोर गर्दी करत होती आणि आपले बाबा, शालिकराम सुतार, पोरीला खांद्यावर घेऊन जोड्यांच्या मागे उभे. ‘तोंड काय पायतं, पुठ्ठा पाय त्याचा,’ असं ते बैलाच्या मागच्या भागाकडे बोट दाखवून म्हणाले, हे तूच मला कितीदा सांगितलंस. घरी आल्यावर ट्रकच्या बॉडीतून उरलेल्या सागाच्या ठोकळ्यातून त्यांनी हा बैल काढला. मान खाली, वशिंड ताणलेलं, मागचे दोन्ही पाय रोवलेले, पट सुटायच्या आधीच्या क्षणाचा बैल. खाली फळी, फळीला चार चाकं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघाली, तर त्यांच्यात तू एकटी मुलगी. कोणीतरी हसलं म्हणून तू दोरी आणखी जोरात ओढलीस, त्या वेळच्या फोटोत तुझे दात आवळलेले दिसतात.

मग मी झालो. पाच वर्षांचा झालो तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलं की बैल आता शिवमचा. तू चाकांना खोबरेल तेल लावलंस, दोरी माझ्या हातात दिलीस आणि आत पोळ्या लाटायला गेलीस. मला ते तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी मी बैल परत दिला असता असं नाही, खोटं कशाला बोलू. बाबा गेल्यावर परतवाड्याचं घर रिकामं केलं तेव्हा तू दोन दिवस बैल शोधत होतीस. माळा, कोठी, शेजाऱ्यांच्या पोरांना विचारणं. मग म्हणालीस, सामानाच्या ओढाताणीत हरवला असेल. ताई, तो हरवला नव्हता. माझ्या पिशवीत होता, कपड्यांच्या खाली. तू शोधत असताना मी तिथेच पंख्याचे स्क्रू काढत उभा होतो. त्यानंतर जिथे जिथे गेलो तिथे नेला. म्हणून तर दोन वर्षं तुझ्या दारात आलो नाही. कामं, पैसे, बस, सगळी कारणं तुला वेळोवेळी सांगितली, पण खरं कारण पेटीत होतं.

आता त्याच्या पुढचं. त्या दुपारी बैलाच्या पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंतची रेघ मला हवी होती. तार वाकवून पाहिली, ती उसळायची. ओला कागद दाबून पाहिला, फाटला. आकार डोळ्यांसमोर होता पण कागदावर येत नव्हता. मी आरी घेतली आणि वशिंडाच्या मागे, बरगड्या संपतात तिथे, बैल कापला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सागाचा भुसा मांडीवर पडला आणि त्याला बाबांच्या सदऱ्याचा वास आला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हातात काय आहे. पण तोवर मागचा भाग वेगळा झाला होता. मी तो कागदावर उभा करून त्याभोवती पेन्सिल फिरवली, हेही सांगतो. कापलाच आहे तर रेघ तरी घेऊ, असा विचार केला मी. त्या रेघेवरून चौथं मडगार्ड केलं आणि ते बसलं. स्वप्निल गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि त्या वळणावर हात ठेवून उभा राहिला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, बैल आहे का म्हणून.

त्या दिवसापासून बैल जोडतोय. आत दोन खुंट्या घातल्या, सरस लावला, शिकंज्यात आवळून ठेवला. पक्का आहे, मैना वर बसली तरी हलणार नाही. पण रेघ दिसते. चंद्रभानभाऊ म्हणाले, ‘पुट्टी मार, वरून पेंट मार, बापाले बी वळखू येनार नाही.’ हात पुट्टीच्या डब्यापर्यंत गेलाही होता. पण बाबांनी त्याला कधी रंग लावला नव्हता, नुसतं तेल. आणि तू दोरी हातात घेतल्याबरोबर ओळखलं असतंस. म्हणून रेघ तशीच ठेवली आणि हे पत्र लिहायला बसलो. एसटीच्या पार्सलनं खोकं पाठवायचं, त्यात बैलाच्या वर हे पत्र, म्हणजे बैल बघायच्या आधी तू हे वाचशील. मैनाला द्यायचा की नाही ते तू ठरव. मी मधे बोलणार नाही. तो तुझाच होता, मी मागितला नव्हता आणि परतही केला नव्हता. एवढं सांगायचं होतं आणि त्यासाठी शेळीपासून सुरुवात केली.

इथे सही करणार होतो, पण शेडच्या फाटकावर रिक्षा थांबली आणि आतून कोण उतरावं? गोदाबाई! तुझ्या सासूबाई, बार्शीटाकळीच्या माहेराहून परत निघालेल्या. पत्ता माहीत नाही, फोनवर मी तुला बोललो होतो तेवढ्यावरून रिक्षावाल्याला म्हणाल्या, लांब नाकाच्या गाडीचं गॅरेज, आणि त्यानं बरोबर आणून सोडलं (स्वप्निलला हे सांगितलं पाहिजे). पाणीही न पिता म्हणाल्या, ‘कुठी हाय तो बैल? पोरगी रोज ईचारून डोकं खाते.’ मी म्हटलं, मावशी, तुम्हाला तर पोरीनं बैल ओढणं पटत नव्हतं. तर म्हणाल्या, ‘मले अजूनही पटत नाही. म्हून का पोरगी हात हलवत जाईन काय?’ बैल दाखवला. त्यांनी जोडाच्या रेघेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि चाकं फिरवून पाहिली. ‘फिरते नं? मंग झालं,’ एवढंच. मग पिशवीतून छोटीशी झूल काढली, त्यांच्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची, तुझ्या त्या फोटोवरून अंदाजानं शिवलेली. अंदाज चुकला, झूल लांब झाली, पार शेपटीपर्यंत. रेघ पूर्ण झाकली गेली. त्यांनी मला बजावलंय की त्या आपणहून आल्या हे तुला सांगायचं नाही, पोट्ट्यानं गळ्यात मारला असं म्हणायचं. मी मान डोलावली आणि आत येऊन हे लिहितोय. गाडीची हायवेवर ट्रायल घ्यायची राहिलीच होती, तर भाऊ म्हणाले, मावशीले अमरावतीले सोडून ये. गाडी अजून प्रायमरमध्येच आहे, राखाडी, पट्टे-बिट्टे काही नाहीत. त्या पुढच्या सीटवर बैल मांडीवर घेऊन बसल्यासुद्धा आणि हॉर्न वाजवून मला बोलवत आहेत. तेव्हा पाचच्या सुमाराला गल्लीत मोठा आवाज आला तर घाबरू नको. बैल आणि हे पत्र सासूबाई तुझ्या हातात देतील. आधी पत्र वाच, मग झूल उचलून रेघ बघ. तोवर मी खाली गाडीतच बसून राहीन.

तुझाच, दारापर्यंत तरी आलेला,
शिवम