सहाही बाटल्यांना लोणच्याचा वास

मंगळवार, दिवेलागण

एका बाटलीला आला असता तर सोडून दिलं असतं. सहाही बाटल्यांना लोणच्याचा वास कसा येईल?

कोविड होऊ नये म्हणून घ्यायच्या नव्या गोळीची ही चाचणी. निजामपुऱ्यात लूमवर कापड विणणाऱ्या कामगारांच्या एका खोलीत एकजण पॉझिटिव्ह निघाला, म्हणून बाकीच्या सहा जणांना मी बाटल्या दिल्या होत्या. काहींच्यात खरं औषध, काहींच्यात नुसत्या पावडरच्या गोळ्या. कोणाला काय, ते मलाही ठाऊक नसतं. आज उरलेल्या गोळ्या परत आल्या आणि झाकण काढताच हा वास. मला वाटलं, औषध विकलं असणार आणि भलतंच काहीतरी भरून दिलंय.

तशीच खोलीवर गेले. त्यांच्यातले वयाने मोठे रफीकचाचा ड्युटीला निघाले होते. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपने ही बोला था, किसी की असली, किसी की खाली. एक कमरे में ऐसा कैसे चलेगा? हमने अचार के डिब्बे में सब मिला दी. फिर जिसके नसीब में जो आए."

म्हणजे चोरी नाहीच, वाटणी. आणि मी वाटभर त्यांना चोर ठरवत आले होते. उद्या चाचणीच्या डॉक्टरांना सांगावंच लागेल. ही खोली चाचणीतून बाद.

पण एवढ्याने चैन पडेना. परतताना ऑफिसात थांबले आणि बाकीच्या खोल्यांच्या बाटल्या एकेक करून हुंगल्या. लोणच्याचा वास कशालाच नाही.

पण डबा धुऊन घेतला असेल, तर वास येणार कुठून?