आरशातला पूर्ण गोल

प्रिय भिंगरी,

गेल्या आठवड्यात तुझ्या पालिकेच्या ऑफिसच्या पायऱ्यांवरून तू मला हात केलास आणि मी नाक वर करून पुढे निघून गेले, असं तू तुझ्या आईला सांगितलंस. ताईने लगेच फोन करून माझी हजेरी घेतली. पोरगी केवढी हिरमुसली, कसला राग धरलायस तिच्यावर? मी म्हटलं, आमची फाइल जिच्या टेबलावर आहे, त्या साहेबीणबाईंच्या भर रस्त्यात गळ्यात पडले तर लोक काय म्हणतील? ताईला पटलं. तुलाही पटलं असणार, कारण त्यानंतर तूही फोन केला नाहीस. मला मात्र चैन नाही. लिहायला बसते, उठते, गॅस बंद आहे का बघते, पुन्हा बसते. अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस, पेन जाड आहे.

ती फाइल तुझ्याकडे यायच्या आधी मी तिला लेकरासारखी कडेवर घेऊन हिंडले बघ. इमारत केव्हाच उभी राहिली, रंग लागला, लिफ्ट वरखाली करायला लागली. पण सांडपाण्याची जोडणी नाही, म्हणजे राहायला जायची सोय नाही. रस्ता खोदायची परवानगी एका खिडकीत, नकाशा दुसऱ्या खिडकीत, आणि दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे बोट दाखवणार. एकाने तर विचारलं, बाई, तुम्ही बिल्डरच्या कोण लागता? मी म्हटलं, त्याच्या घाणीची पालक! तो इतका हसला की हसता हसता शिक्का मारून मोकळा झाला. बिल्डरचा माणूस मागे उभा होता. म्हणतो, मावशी, तुम्हाला आधीच पाठवायला हवं होतं. मेल्याने तोवर माझ्या चपला झिजवल्या होत्या.

तळमजल्यावरचं घर एका शिंपीदादाने घेतलंय. पुढच्या खोलीत मशीन मांडणार, मागे तो, बायको आणि आजारी आई. रोज सकाळी दुकानाला जाताना साइटवर डोकावतो. काय आरसेबाई, झालं का? मी म्हणते, होतंय. तो म्हणतो, तुमचं होतंय ऐकून माझी दाढी पांढरी झाली. गोड माणूस. म्हातारीसाठी न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय, तो मला तीनदा हलवून दाखवला, पक्का आहे ना म्हणून.

आरसेबाई हे नाव मला कसं पडलं, ते तुला सांगायला नको, तू साक्षीला होतीस. ताईची हॉस्पिटलात ड्यूटी असायची आणि शाळा सुटली की तू माझ्या साइटवर. मला हे सांडपाण्याच्या लाइनीचं काम कुणी बसून शिकवलं नाही. मिस्त्री लोक काय करतात ते बघत बघत शिकले, परवान्याची परीक्षा मागाहून दिली. पण आरशाचं काम माझंच. एका चेंबरमध्ये दिवा धरायचा, दुसऱ्या चेंबरमध्ये तिरका आरसा, आणि वरून वाकून आरशात बघायचं. दोन चेंबरच्या मधला जमिनीखालचा पाइप सरळ असेल तर उजेडाचा पूर्ण गोल दिसतो. मधे कुठे खाली बसला असेल, तर गोल चिरल्यासारखा अर्धामुर्धा. दिवा धरायला तू. तिकडून ओरडायचीस, मावशी, दिसतंय का गं? आणि मी सांगायची, पाइपाला पोट सुटलंय, काढा बाहेर! मिस्त्री कपाळाला हात लावायचे. एकदा तू विचारलंस, थोडंसंच पोट असलं तर काय बिघडतं? मी सांगितलं होतं, घाण तिथेच बसते, साचते, आणि एक दिवस सगळ्यात खालच्या घरात वर येते. तू तोंड वाकडं करून आपल्या डब्याकडे बघितलंस आणि त्या दिवशी जेवली नाहीस. आणि बघ, शिकून त्याच कामावर साहेब होऊन बसलीस.

तर गुरुवारी आमच्या इमारतीची ही तपासणी झाली. तुझ्या हाताखालचा तो नवा इंजिनिअर आला होता. पोरगा चांगला आहे, पण बूट फार पांढरे. चेंबरच्या काठाशी यायलाच तयार नाही. लांबूनच म्हणाला, मावशी, तुम्ही बघा, तुमच्यापुढे आम्ही काय बघणार? मिस्त्रीने तिकडे दिवा धरला, मी वाकले. काय दिसतं, पोराने विचारलं. मी म्हटलं, पूर्ण गोल. त्याने लिहून घेतलं. संध्याकाळी तुझी सही झाली. सोमवारी रस्ता खोदून लाइन मोठ्या गटाराला जोडायची, वरून काँक्रीट. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. शिंपीदादाने तर चहा पाजला.

रात्री ताईचा फोन. कौतुकाने फुटायची बाकी होती. म्हणाली, तुझी भाची स्वतः बघायलासुद्धा गेली नाही. मला म्हणते, मावशीने बघितलंय ना, मग मी काय बघायचं? ते ऐकलं आणि मी ताट बाजूला सारलं. काल सकाळी उठून साइटवर गेले. मिस्त्रीला म्हटलं, तू एकदा बघ रे आरशात. तो हसला. तुम्हाला दिसलं म्हणजे देवाला दिसलं, म्हणाला, आणि सिमेंट कालवायला निघून गेला. पुन्हा कोणत्या तोंडाने सांगू? तेवढ्यात शिंपीदादा आला, हातात दोऱ्याचं रीळ. पडद्याला कुठला दोरा लावायचा म्हणून सहज विचारलं, आरसेबाई, हा काळा की निळा? मी म्हटलं, काळाच की. त्याने रीळ उन्हात धरून पुन्हा निरखलं. मग ते खिशात घातलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, आई म्हणते राहायला गेल्यावर पहिला चहा आरसेबाईंना. तो गेला, आणि मी तिथेच विटांच्या ढिगावर बसून राहिले.

आता ऐक. फोनवर सांगितलं असतं, तर तू काहीतरीच काय मावशी म्हणून हसली असतीस आणि मीही हसून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र ताईच्या हाती देतेय. आज घरी पाइपाचा उरलेला तुकडा पडवीत आडवा ठेवला. एका टोकाला टॉर्च, दुसऱ्या टोकाला मी. आधी मोकळा पाइप बघितला. मग ओल्या फडक्याने त्याचं अर्धं तोंड बुजवलं आणि पुन्हा बघितलं. दोन्ही वेळा सारखंच दिसलं गं. नुसतं सांडलेल्या दुधासारखं पांढरं, कड कुठे नाहीच. फडकं काढलं, घातलं, पुन्हा काढलं. गुरुवारी मी जे बघितलं ते हेच. वर्षानुवर्षं जे म्हणत आले ते तोंडातून निघून गेलं. पायऱ्यांवर तू होतीस हेही मला दिसलं नव्हतं. राग कसला धरतेय तुझ्यावर? आता तू उद्या, रविवारी सकाळी, साइटवर ये. गोल पूर्ण असेल तर सोमवारचं काम होऊ दे. चिरलेला असेल तर परवानगी थांबव. बिल्डर आदळआपट करेल, करू दे. शिंपीदादाला मी समजावेन. आणि कागदावर खरं काय ते लिही, तपासणाऱ्या बाईला नीट दिसत नाही म्हणून. मला सांभाळायला जाऊ नकोस. त्या म्हातारीच्या न्हाणीघराला सांभाळ. पुढे माझ्या कामाचं काय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जायचं, ते आपण दोघी नंतर चहा पिताना बघू. आरसा मी पुसून ठेवलाय. या वेळी तू वाक. दिवा धरून मी पलीकडच्या चेंबरपाशी उभी राहीन आणि ओरडून विचारेन, दिसतंय का गं? जे दिसेल ते मोठ्याने सांग.

वाट बघणारी, तुझीच
मावशी