फ्रीजचा षड्ज

हॉस्टेल
दि. ६ एप्रिल

चि. सौ. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पायांना सूज आहे हे वाचून काळजी वाटली. जिना चढउतार कमी कर, आणि जावईबापूंना कपडे वाळत घालायला लाव, हात झिजणार नाहीत त्यांचे. मी फोन करत नाही म्हणून तू रुसतेस. पण घशाच्या ऑपरेशनपासून फोनवर माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा. दोन वाक्यांत दम लागतो. पत्रात बघ मी कशी घडाघडा बोलते!

आमच्या एम.ए.ची शेवटची रचना जमा केली. तुला अजून वाटतं की आई कॉम्प्युटरवर गाणी उतरवून घ्यायला शिकते, म्हणून पुन्हा सांगते: आम्ही रोजचे आवाज टिपतो, कापतो, ताणतो, एकावर एक रचतो आणि त्यातून संगीत उभं करतो. माझ्या रचनेत नळ आहे, भांडी आहेत, लिफ्टचं दार आहे. इतकी वर्षं मुलींना गाणं शिकवलं, आता भांड्यांना शिकवते. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात आणि सुरात अडलं की माझ्याच खोलीत येऊन बसतात. २६ला सभागृहात परीक्षकांपुढे सादरीकरण, आणि तुझी बाळंतपणाची तारीख मेच्या दहाची. २७ला मी गाडीत बसते. कसं जुळून आलंय! परीक्षेत पहिली येणार म्हणजे येणार, लिहून ठेव.

बाबा तुझ्याकडे रमलेले दिसतात. गोळ्या वेळेवर घ्यायला सांग. मी नसले की त्यांना मोकळं रान मिळतं.

आहे तसाच लोभ राहू दे, आणि पाय उंचावर ठेव.

तुझी आई


दि. १० एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

बाबा गोळ्या घेतात, मी समोर उभी राहते तेव्हा.

रागावू नकोस, पण एक विचारते. ही रचना पुढच्या वर्षी दिलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? डॉक्टर म्हणाल्या की दिलेली तारीख म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना किती धावायला लावू? तुझा जावई जीव टाकतो माझ्यावर, पण सुई बघितली की तोच आधी खाली बसतो. मला भीती वाटते, आई. खरंच वाटते. तूच हवीस मला. आजवर काही मागितलं नाही, हे मागते: आत्ताच निघून ये.

उत्तर लगेच टाक. लोभात काटकसर नको.

तुझी ठकू


हॉस्टेल
दि. १५ एप्रिल

चि. सौ. ठकूस,
अ. उ. आ.

भीती वाटणारच, पहिलटकरीण आहेस. माझाही अर्धा जीव तिकडेच आहे. पण आत्ताच नेमकं इथे घोडं पेंड खातंय.

काल सभागृहात तालीम झाली. चारी बाजूंना स्पीकर, मधोमध मी, ऐटीत. रचना सुरू झाली आणि मला माझीच ओळखू येईना! सूर सगळे जागेवर, तरी सगळं उघडंबोडकं. आमचे दाढीवाले सर, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, म्हणाले की तुमच्या खोलीत तर हे फार भरीव वाटत होतं. परत आले, टेबलाशी बसले, तीच फाईल लावली. ठणठणीत! मग डोक्यात प्रकाश पडला. टेबलाला लागून जुना फ्रीज आहे. त्याचं दार नीट लागत नाही, म्हणून तो बिचारा थांबतच नाही, अखंड घूं करत असतो. जन्मभर तंबोऱ्याशेजारी बसलेली मी. माझे कान आपोआप त्याच्या षड्जाला जाऊन चिकटले. हेडफोन मला सोसत नाहीत. त्यामुळे नळ, भांडी, लिफ्ट, सगळं मी त्या फ्रीजशी जुळवत गेले आणि तो रेकॉर्डिंगमध्ये नाहीच! पोरांच्या हातून असा गाढवपणा होत नाही, त्याला गाणाऱ्याचे कान लागतात.

जमा केलेल्या फाईलला आता हात लावता येत नाही. मंचावर प्रत्यक्ष काही वाजवायची तेवढी मुभा आहे. तंबोरा लावून पाहिला, पण तो इतका देखणा लागतो की माझी भांडी बुजतात. सर म्हणतात, पुढच्या फेरीला द्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे ऐन तुझ्या वेळेला. ते होणे नाही. तेव्हा मी ठरवलंय: २६ला जमलं तर पदवी, नाही तर गाशा गुंडाळून तुझ्याकडे. पुन्हा घर सोडून शिकायला येणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

तू मात्र जीवाला लावून घेऊ नकोस. माया कमी करू नकोस म्हणजे झालं.

तुझी आई


दि. १९ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. फ्रीजबरोबर जुगलबंदी म्हणत ते इतके हसले की ठसका लागला. मला हसू आलं नाही, कारण पदवी सोडून यायचं तुझं वाक्य काही पटेना.

माझी भीती गेली असं म्हणणार नाही. पण गाशा गुंडाळायची भाषा तुझ्या तोंडी शोभत नाही, आई. घसा गेल्यावर तू घरात नुसती बसून असायचीस. रेडिओसुद्धा लावू द्यायची नाहीस. हा अभ्यास सुरू केलास आणि पत्रांतून पुन्हा माझ्यावर ओरडायला लागलीस. बाळंतपणाला मला ही ओरडणारी आई हवी आहे, ती गप्प बसलेली नको. तेव्हा हातपाय गाळू नकोस. आणि इतकाच सुरेल असेल तो फ्रीज, तर उचल आणि ने मंचावर, त्यात काय! बाबा म्हणतात, आधी आतलं दूध काढून घे.

रागावलीस तरी चालेल, लोभ मात्र आटू देऊ नकोस.

तुझी ठकू


सभागृहाबाहेर
दि. २६ एप्रिल

चि. सौ. ठकूस,
अ. उ. आ.

परीक्षक आत निकालाला बसलेत आणि मी बाहेर बाकावर. मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर लावून वाच.

तू थट्टेत लिहिलंस, मी खरंच फ्रीज नेला! सर आधी हसले, मग नियम काढून वाचले आणि म्हणाले की वाद्य कोणतं असावं हे कुठेच लिहिलेलं नाही. काकू तुम्ही बाजूला व्हा म्हणत पोरांनी तो जिन्यावरून उतरवला. मंचावर फ्रीज, त्याच्या पाठीशी मायक्रोफोन, आणि लोकांत खसखस. पण सुरू झालं आणि काय सांगू, सगळं सभागृह भरून आलं. नळ, भांडी, लिफ्ट, जो तो आपापल्या घरी पोचला.

आणि अर्ध्यावर फ्रीज थांबला. वाटेत उघडू नये म्हणून पोरांनी मायेने दाराला गच्च चिकटपट्टी लावली होती, ती काढायचं कुणाला सुचलंच नाही. दार जन्मात पहिल्यांदा नीट लागलं, आत हवं तेवढं गार झालं, आणि तो शहाण्यासारखा बंद झाला. मी उठले, फ्रीजपाशी गेले, त्याच्या मायक्रोफोनशी वाकले आणि स्वतः षड्ज लावला. तोच फाटका, खरखरीत आवाज. दम संपला की श्वास घ्यायचा आणि पुन्हा लावायचा. ऑपरेशननंतर लोकांसमोर पहिल्यांदा गायले ग, तेही फ्रीजच्या बदली! शेवटपर्यंत सोडला नाही.

एका परीक्षकबाईंनी विचारलं की फ्रीजचं थांबणं ठरवलेलं होतं का. हो म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण नाही म्हटलं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं.

काहीही होवो, उद्याच्या गाडीने निघते. बॅग भरलेली आहे. मी येईपर्यंत तू जागची हलू नकोस, पुढचं सगळं माझ्यावर सोड.

भेटीअंती सगळा लोभ वसूल करीन.

तुझी आई

ता. क. पास! तोही पहिल्या वर्गात! पोरं फ्रीजला हार घालायला निघालीत. हे पत्र टपालात टाकते आणि त्यांना आवरते.


हातपोच, बाबांबरोबर
दि. २५ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

हे पत्र बाबा तुझ्या हातात देतील ते तुझा निकाल लागल्यावर. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून बजावून पाठवलंय: अंधारात शेवटच्या रांगेत बसा आणि तोवर तिच्या नजरेस पडू नका.

तू आजी झालीस. काल दुपारी. डॉक्टरांच्या तारखेला विचारतंय कोण! मुलगी आहे, चिमुकली पण खणखणीत. आम्ही दोघी सुखरूप आहोत. तुझा जावई माझ्याजवळ आहे, आणि सुया बघूनही अजून उभा आहे.

कळा सुरू झाल्या तेव्हा त्याने तुला फोन करायला घेतला होता. मी हिसकावून घेतला. फार घाबरले होते, आई. तुझ्या नावाने ओरडले. नर्सने विचारलं की आई कुठे आहेत, तेव्हा सांगितलं की तिची परीक्षा आहे. तुला कळलं असतं तर तू सगळं टाकून धावत आली असतीस, आणि पदवी हुकली म्हणून जन्मात एका शब्दाने बोलली नसतीस. ते तुझं न बोलणं मला आयुष्यभर ऐकू आलं असतं.

आता ये. यापुढे लोभ दोघींवर असू दे.

तुझी ठकू