न धुतलेले लाल कापड

मी, तेपाएरू माताइओ, राहणार तितिकावेका, बेट रारोटोंगा, वय एकाहत्तर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला डोके पुरते. मला कोणी बसवून हे लिहून घेत नाही. मला फार वेळ बसवत नाही, म्हणूनच इतका वेळ लागतो आहे. याआधी असे काही लिहिले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

जमिनीबद्दल लिहीत नाही. ती कुळाची आहे, मला देता येत नाही.

घर मुलगा तेओकोताई याला. तो त्यातच राहतो. पुढच्या अंगणात त्याच्या वडिलांची कबर आहे, तिच्या शेजारी माझी करावी.

डुकरे माझ्या मयताच्या जेवणासाठी मारावीत, सगळी. चर्चच्या सेक्रेटरीला जिवंत डुक्कर देऊ नये. माझ्या नवऱ्याच्या वेळी त्याने पाळतो म्हणून नेले आणि पुढच्या रविवारी खाल्ले. बँकेत जे असेल ते याच जेवणाला लावावे.

शिवणयंत्र आमच्या शिवणमंडळाला. त्याला तेल कमी घालावे.

(उठून आकाश पाहून आले. अजून कोरडे आहे.)

आता तिवाएवाए. या मोठ्या गोधडीशिवाय आमच्याकडे माणूस मातीत जात नाही. माझी अजून झालेली नाही. लाल आणि पांढरे कापड पेटीत होते. माझी धाकटी बहीण तुआइने हिने कातरायचे आणि मंडळाने शिवायचे, असे ठरले होते. अडले ते एवढ्यावरच, की लाल कापड आधी धुवावे की नाही.

तुआइनेसारखी कातरणारी या गावात दुसरी नाही. हे लेखी देते, तोंडी कधी दिले नाही. लाल कापड आठ पदरी दुमडून ती एका दमात पाने कातरते. मग ते उलगडून पांढऱ्यावर पसरायचे आणि टाके घालायचे. तिचे म्हणणे, धुतलेले कापड मऊ पडते, पदर कात्रीखाली सरकतात, पानांची टोके बोथट येतात. माझे म्हणणे, न धुतलेले लाल पहिल्या पाण्यात पांढऱ्यावर उतरते. या वादात आम्हा दोघींचे आयुष्य गेले.

माझी मुलगी न्गामेतुआ ऑकलंडला असते. तिच्या लग्नाची तिवाएवाए तुआइनेने न धुता कातरली. टोके सुईसारखी आली. मंडळातल्या सगळ्या जणी महिनोन्महिने शिवत होत्या. तिकडे पोरीने ती एकदा धुतली आणि सगळे पांढरे गुलाबी झाले. तिने सांगितले नाही. तिच्याकडे राहून आलेल्यांनी सांगितले, की ती पलंगावर उलटी घालते. मी फोन केला. ती म्हणाली, "आई, गुलाबीपण छान दिसतं गं." ती खोटे बोलते तेव्हा आवाज लहान मुलीसारखा होतो. तुआइनेचे मत, दोष गरम पाण्याचा. मी त्यावर तिच्याशी एक पावसाळा बोलले नाही.

मागच्या मंगळवारी मंडळात तुआइने सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, ही तुझ्याबरोबर जमिनीत जाणार. तिला धुणार कोण? मातीला रंग लागला तर तू उठून भांडायला येणारेस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तिचे बरोबर होते. धुवायचे असते ते जगणाऱ्या गोधडीसाठी.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. न्गामेतुआ येईल, कबरीच्या कडेला उभी राहील, आणि लाल-पांढरी कोरी तिवाएवाए खाली जाताना बघेल. म्हणजे चांगली मातीला आणि गुलाबी पोरीला.

आज सकाळी मी लाल कापड धुतले. टबात मीठ घातले. पहिल्या पाण्याला बटाट्याच्या सॅलडात बीट पडल्यासारखा रंग आला. रंग जाईपर्यंत पाणी बदलत राहिले, मध्ये बसले, पुन्हा उठले. आता ते दोरीवर आहे. उद्या रविवार, चर्चचा दिवस, दोरीवर काही ठेवता येत नाही, म्हणून आजच वाळायला हवे.

तेव्हा असे लिहिते. ही तिवाएवाए माझ्या अंगावर घालू नये, कबरीत ठेवू नये. ती न्गामेतुआची. मला केवड्याच्या पानांच्या चटईत गुंडाळावे. गुलाबी घालू, असे कोणीतरी सुचवेल. घालू नये, ती तिच्या लग्नाची आहे. लोक म्हणतील, जन्मभर शिवत बसली आणि उघडी गेली. तेओकोताईला लाज वाटेल. त्याने ती सोसावी, घर मिळते आहे.

(पुन्हा उठावे लागले. तुआइने आली.)

तिला साक्षीदार म्हणून बोलावले होते. दोरीवरचे कापड पाहून ती आत आली नाही, बाहेरच उभी राहून ते बोटांत चोळत राहिली. मग म्हणाली, की मला वेड लागले आहे आणि वेडीचे मृत्युपत्र चालत नाही. मी तिला वरचे वाचून दाखवले. ती खुर्ची ओढून बसली. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे, तोही मी तिला सांगितला, आणि पेन पुढे केले.

"मग मी सही करत नाही," ती म्हणाली.

"तुला मी काहीच दिलेलं नाही."

"दे की मग. ते कापड कातरायचं मला लिहून दे. दुसऱ्या कुणाची कात्री त्याला लागलेली मला चालणार नाही."

मी म्हटले, मऊ पडले आहे.

"दिसतंय. आरारूटची खळ कर, घट्ट. पातळ केलीस तर मी घरी निघाले, ताई."

म्हणून हे कलम आत्ता घालत आहे: लाल कापड कातरण्याचा हक्क माझी बहीण तुआइने हिचा, एकटीचा. टोके बोथट आली तर तिला कोणी बोलू नये.

पाणी उकळले आहे. खळ ढवळायची आहे, म्हणून इथे थांबते. याहून जास्त माझ्याकडे देण्यासारखे नाही.

सही: तेपाएरू माताइओ

साक्षीदार (पहिले नाव तुआइनेचे होते, ते मीच खोडले आहे):
विलियामु तेरेपाई, शेजारी
न्गाउपोको मारो, शिवणमंडळ

तितिकावेका, रारोटोंगा
शनिवार, १४ जून २०१४